कॅप्सूल हॉटेल: डबा शेवटी बघा, डब्याबाहेरचं आधी

घाटवळण (धागाकर्ता)

माझी भाची पुढच्या महिन्यात मुलाखतीला मुंबईला जाणार आहे. सांगलीहून रात्रीची महालक्ष्मी, सकाळी सीएसएमटी, त्या दिवशी कागदपत्रांची तपासणी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मुलाखत. मधली एक रात्र कुठेतरी काढायची आहे. पूर्वी अशा वेळी डोंबिवलीला आत्याकडे उतरायचं हे न विचारताच ठरलेलं असायचं. आत्या गेली, तिची मुलं बंगळुरूला स्थायिक झाली, आणि आता मुंबईत हक्काने बेल वाजवावी असं एकही दार आम्हाला उरलेलं नाही. भाचीने पॉड हॉटेलांबद्दल (कॅप्सूल हॉटेलांचंच दुसरं नाव, खोलीऐवजी एका माणसापुरता झोपायचा डबा) कुठेतरी वाचलं आणि मला फोन केला, "मामा, तू जपानला असताना त्या डब्यांमध्ये झोपायचास ना? मी एकटी राहू का तसल्या ठिकाणी?"

अर्धा तास बोललो, तरी मनासारखं सांगून झालं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. तिच्यासारख्या आणखी कोणाला उपयोग झाला तर बरंच आहे.

मी मशीन टूल्सच्या सर्व्हिसमध्ये होतो. सहा वर्षं तोक्योला, निशीकासाईत बिऱ्हाड होतं. कामासाठी ओसाका, नागोया, हमामात्सू अशी सतत फिरती. पहिली कॅप्सूल रात्र ओसाकातल्या उमेदा भागात काढली. मशीन रात्री साडेअकराला चालू झालं आणि स्टेशनवर पोचेपर्यंत शेवटची गाडी गेली होती. तिकडे मध्यरात्रीनंतर गाड्या बंद होतात, त्या थेट पहाटे पाचच्या सुमाराला सुरू होतात. टॅक्सी मुळातच महाग, त्यात रात्री दहानंतर २० टक्के जादा आकार. एका जपानी सहकाऱ्याने मला हाताला धरून एका इमारतीत नेलं आणि म्हणाला, "इथे झोप, सकाळी भेटू."

दारातच बूट काढून छोट्या कप्प्यात ठेवायचे आणि त्याची किल्ली काउंटरवर द्यायची. बदल्यात मनगटावर बांधायची दुसरी किल्ली मिळते, ती कपड्यांच्या कपाटाची. कपाट उंच पण अगदी अरुंद. त्यात कोट आणि खांद्यावरची बॅग मावते, चाकांची मोठी बॅग मावत नाही. ती काउंटरपाशी साखळीला अडकवून ठेवतात. अंगावरचे कपडे काढून तिथलाच सुती पायजमा-सदरा चढवायचा. मग सामायिक न्हाणीघर. तिथे आधी लहान स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ आंघोळ करायची आणि मगच गरम पाण्याच्या टाकीत उतरायचं. दिवसभर तेल-ग्रीसमध्ये काम केल्यावर त्या पाण्यात मी पंधरा मिनिटं नुसता बसून होतो. वर गेलो तर बोळाच्या दोन्ही बाजूंना दुमजली कप्पे. आतला डबा साधारण दोन मीटर लांब, मीटरभर रुंद आणि मीटरभर किंवा थोडा जास्त उंच. उभं राहता येत नाही, पण मांडी घालून बसता येतं. दिवा, गजर, हवेची झडप, सगळं आडव्या आडव्या हाताला येतं. दाराच्या जागी खाली ओढायचा पडदा.

त्यानंतर अशा वीस-पंचवीस रात्री काढल्या असतील. त्यातून माझं एक मत पक्कं झालं. लोक डब्याचे फोटो बघून हॉटेल निवडतात आणि तिथेच चुकतात. डबा सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखाच असतो, शेवटी त्यात फक्त आडवं व्हायचं असतं. रात्र चांगली जाणार की वाईट, हे डब्याबाहेरच्या गोष्टींवर ठरतं. न्हाणीघरं किती माणसांत किती आहेत, संडास किती पावलांवर आहे, सामान कुठे राहतं, बोळात फोनवर बोलू देतात का, रात्री काउंटरवर कोणी जागं असतं का. एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) डबे अगदी देखणे होते, पण पूर्ण मजल्याला दोनच बेसिन. सकाळी साडेसहाला मी वीस मिनिटं दात घासायला रांगेत उभा होतो आणि पहिल्या मीटिंगला उशिरा पोचलो.

भाचीला धक्का बसला तो कुलूप नसण्याचा. जपानात कायद्याने कॅप्सूलला हॉटेलची खोली मानत नाहीत, ते साध्या सामायिक निवासात मोडतं. म्हणून पडदाच असतो, आतून कुलूप नाही. पैसे, पासपोर्ट, लॅपटॉप कपाटात, आणि कपाटाची किल्ली झोपेतही मनगटावर. इतकं पाळलं की मला तरी कधी त्रास झाला नाही.

आता मुंबईचं. मुंबई सेंट्रलला पहिल्या मजल्यावरचं पॉड हॉटेल नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालं. आयआरसीटीसीचं, एकूण ४८ पॉड, त्यातले काही फक्त स्त्रियांसाठी आणि एक दिव्यांग प्रवाशांसाठी. सुरू झालं तेव्हा साधा पॉड १२ तासांना ९९९ आणि २४ तासांना १,९९९ रुपये होता. सीएसएमटीलाही २०२३ पासून ४० पॉड आहेत, त्यात एकट्याचे, दोघांचे आणि कुटुंबाचे असे प्रकार. अंधेरीकडेही खाजगी पॉड हॉटेलं आहेत. मी परत आल्यापासून मुंबईत पॉडमध्ये राहिलेलो नाही. ज्यांनी रात्र काढली आहे त्यांनी, विशेषतः एकट्या राहिलेल्या स्त्रियांनी, कृपया लिहा.

---

केतकीबन

मी राहिले आहे, मुंबईत दोनदा आणि पुण्यात एकदा. तुमचं "डब्याबाहेरचं आधी" अगदी पटलं, कारण माझा एकमेव वाईट अनुभव तिथलाच आहे.

त्या ठिकाणी स्त्रियांचे पॉड वेगळ्या भागात होते, जाहिरातीतही तसंच लिहिलं होतं. पण स्त्रियांचं स्वच्छतागृह बोळाच्या दुसऱ्या टोकाला होतं आणि तिथे जायचं म्हणजे पुरुषांच्या सगळ्या पॉडसमोरून जायचं. रात्री दोन वाजता टॉवेल हातात घेऊन मी तिथून गेले. कोणी काही बोललं नाही, कोणी वाईट वागलं नाही. तरी पुन्हा उठावं लागू नये म्हणून मी उरलेली रात्र पाणी प्यायले नाही. वेगळा भाग म्हणजे काय, हे त्या हॉटेलच्या लोकांना कळलंच नव्हतं.

म्हणून भाचीला सांगा, बुकिंग करण्याआधी फोन कर आणि नेमका प्रश्न विचार: "माझ्या पॉडपासून बायकांच्या बाथरूमपर्यंत जाताना पुरुषांचा भाग ओलांडावा लागतो का?" उत्तर देणारा गोंधळला, तर ओलांडावा लागतो असं समजायचं. दुसरा प्रश्न, रात्रपाळीला काउंटरवर बाई कर्मचारी असते का.

बाकी दोन्ही वेळा छान झोप लागली. आतल्या दिव्याचा उजेड हवा तसा कमी करता येत होता आणि एसीची झडप माझ्या हातात होती. घरी नवऱ्याशी पंख्याच्या वेगावरून रोज वाद, त्यामुळे हे मला फार आवडलं.

---

पाणंद

धागा चांगला आहे, पण मला हिशेब जुळत नाही. १२ तासांना हजार रुपये द्यायचे आणि उभंही राहता येणार नाही? एवढ्या पैशात थोडं आतल्या बाजूला गेलं की लॉजची स्वतंत्र खोली मिळते, संडास-बाथरूम आतच. मी कामानिमित्त महिन्यातून दोनदा मुंबईला जातो, गेली पंधरा वर्षं. कधी अडलो नाही.

---

केतकीबन

पाणंद, तुम्ही अडला नाहीत हे खरं आहे. माझा अनुभव तुमच्यासारखा नाही. स्टेशनजवळच्या तीन लॉजमध्ये रात्री नऊला विचारलं होतं. दोघांनी "एकट्या लेडीजला देत नाही" म्हणून सांगितलं. तिसऱ्याने खोली दाखवली. तिच्या दाराची कडी आतून बसत नव्हती आणि खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलेलं होतं. त्या रात्री मी वेटिंग रूममध्ये बसून काढली. पॉडच्या काउंटरवर ओळखपत्र दाखवलं, पैसे भरले, संपलं. "सोबत कोण आहे?" हा प्रश्न कोणी विचारला नाही. ते हजार रुपये मला त्या न विचारलेल्या प्रश्नाचेही वाटतात.

---

पाणंद

हे मला खरंच माहीत नव्हतं. पंधरा वर्षांत माझ्यावर ही वेळ आली नाही, म्हणून ती येते हेही कळलं नाही. मुद्दा मागे घेतो.

हिशेबातला एक भाग मात्र ठेवतो. दोघं असाल तर पॉडचे दोन हजार होतात, तेव्हा खोलीच घ्यावी. आणि रेल्वेने जाणाऱ्यांनी आधी रिटायरिंग रूम आणि डॉर्मिटरी बघावी. कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर ऑनलाइन मिळते आणि पॉडपेक्षा बरीच स्वस्त पडते. पटकन भरते ही अडचण आहे, तिकीट काढलं की लगेच बघायची.

---

घाटवळण

दोन्ही मुद्दे रास्त. जपानातही जोडप्याने कॅप्सूल घेऊन उपयोग नाही, कारण बहुतेक ठिकाणी पुरुष आणि स्त्रियांचे मजले वेगळे असतात. काही ठिकाणी लिफ्टसुद्धा वेगळी. पूर्वी तर बहुतेक कॅप्सूल हॉटेलं फक्त पुरुषांसाठीच होती. बायको आणि मी एकदा क्योतोला राहिलो तेव्हा रात्री दहाला लॉबीत एकमेकांचा निरोप घेतला आणि सकाळी सातला तिथेच भेटलो.

आणखी एक, जपानला जाणाऱ्यांसाठी. तीन रात्रींचं बुकिंग असलं तरी बऱ्याच ठिकाणी रोज सकाळी साधारण दहाला सगळं सामान घेऊन बाहेर पडावं लागतं. मजला साफ होतो आणि दुपारी पुन्हा चेक-इन. सलग राहणार असाल तर साधं बिझनेस हॉटेल बघा.

---

ओळंबा

मी वास्तुरचनाकार आहे. या डब्याच्या जन्माची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही.

किशो कुरोकावा हे १९६० च्या दशकातल्या मेटाबॉलिझम चळवळीतले तरुण वास्तुरचनाकार. इमारत सजीवासारखी असावी, तिच्या पेशी जुन्या झाल्या की बदलता याव्यात, असा त्या चळवळीचा विचार. १९७२ मध्ये तोक्योच्या गिंझा भागाजवळ त्यांनी नाकागिन कॅप्सूल टॉवर उभारला. काँक्रीटचे दोन मनोरे आणि त्यांना बाहेरून बोल्टांनी अडकवलेल्या १४० कॅप्सूल. प्रत्येकीला एक मोठी गोल खिडकी, आत पलंग, घडीचं टेबल आणि विमानातल्यासारखं इवलंसं न्हाणीघर. दर २५ वर्षांनी जुनी कॅप्सूल काढून नवी बसवायची अशी योजना होती. एकही बदलली गेली नाही. गळती लागली, दुरुस्तीवर मालकांचं एकमत होईना, आणि २०२२ मध्ये इमारत उतरवली गेली. २३ कॅप्सूल वाचवून ठेवल्या आहेत, त्यातल्या काही संग्रहालयांत गेल्या.

नाकागिन हे हॉटेल नव्हतं, मालकीची छोटी घरं होती. पण याच कुरोकावांकडे ओसाकातल्या एका सौनाचे (घाम काढायच्या गरम स्नानगृहाचे) मालक आले. सौनात येणारी माणसं शेवटची गाडी चुकली की तिथेच विश्रांतीच्या दालनात आडवी व्हायची. त्यांना नीट झोपता येईल असं काहीतरी करून द्या, ही मागणी. त्यातून १९७९ मध्ये उमेदा भागात कॅप्सूल इन ओसाका सुरू झालं, जगातलं पहिलं कॅप्सूल हॉटेल. डबे बनवणारी कंपनी नाट्यगृहांच्या आणि स्टेडियमच्या खुर्च्या बनवणारी होती. माणसाचं शरीर किती जागेत आरामात मावतं, हे खुर्चीवाल्यांना इतरांपेक्षा चांगलं माहीत असणार असं मला नेहमी वाटतं.

म्हणून घाटवळण, तुमचं म्हणणं इतिहासाशीही जुळतं. आंघोळीची, विश्रांतीची, कपडे ठेवायची जागा आधीपासून होती. डबा सर्वांत शेवटी आला. आपल्याकडे काही ठिकाणी नेमकं उलटं होतं. डबे आणून ओळीने लावतात आणि उरलेल्या कोपऱ्यात संडास बसवतात. माझ्याकडे असं एक काम आलं होतं. आराखड्यात ३६ पॉड आणि तीन न्हाणीघरं. मी पॉड कमी करायला सांगितलं. ते काम माझ्याकडे राहिलं नाही.

---

घाटवळण

ओळंबा, मी त्याच उमेदात झोपलो आणि ही गोष्ट मला आज कळतेय. मनापासून आभार.

क्योतोला २००९ मध्ये सुरू झालेल्या नाइन अवर्स या कॅप्सूल हॉटेलचं नावही याच विचारातून आलंय: एक तास आंघोळीला, सात तास झोपेला, एक तास आवरायला. त्या नऊ तासांपलीकडे तिथे काहीच नाही. नारिता विमानतळावर २०१४ पासून त्यांची शाखा आहे. पहाटेच्या विमानाआधी मी तिथे राहिलो आहे. पांढरं, शांत, कुठेही सजावट नाही.

---

तारवट्याचा नातू

मडगावहून लिहितोय. कॅप्सूल पाहिली नाही, पण वाचताना आमच्या पाप्पांची, म्हणजे आजोबांची कूड आठवली.

आमचे आजोबा तारवटी, बोटीवर काम करायचे. गोव्यातल्या गावागावांनी मुंबईत आपापल्या माणसांसाठी कूड, म्हणजे एकत्र उतरायची जागा, काढली होती. धोबी तलाव, डाबुल, माझगाव या भागांत. काही आजही आहेत, धोबी तलावच्या जेर महालात अजून दिसतात. बोट लागेपर्यंत महिना-दोन महिने थांबायचं आणि भाडं अगदी नाममात्र. प्रत्येकाची जागा म्हणजे एक पेटी आणि तिच्यासमोर चटई पसरता येईल एवढी जमीन. आजोबा सांगायचे, पेटीला कुलूप असायचं, जागेला नाही. भिंतीशी गावच्या सायबाची, म्हणजे रक्षक संताची, वेदी आणि संध्याकाळच्या तेर्साला, म्हणजे जपमाळेला, सगळ्यांनी हजर राहायचं. दारू पिऊन धिंगाणा केला तर पेटीसकट बाहेर.

पडदा नव्हता, एसी नव्हता. पण शेजारच्या चटईवरचा माणूस आपल्याच वाड्यावरचा असायचा. घाटवळण, तुम्ही आत्याच्या दाराबद्दल लिहिलंत तिथे मी थांबलो. पाप्पांची कूड म्हणजे अख्ख्या गावाच्या आत्याचं दार होतं.

---

भोंगा

आमच्या लालबागच्या गाळ्याचीही हीच कथा. दहा बाय बाराच्या खोलीत कोकणातले आणि घाटावरचे पंधरा-वीस गिरणी कामगार. पहिल्या पाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा येऊन त्याच जागेवर आपली वळकटी सोडायचा. खुंटी प्रत्येकाची ठरलेली, जेवण खानावळवाल्या बाईंकडे. वडील अठरा वर्षं तसे राहिले. एकांत म्हणजे काय हे त्यांनी आयुष्यात अनुभवलं नाही. पडदा ओढून घ्यायला मिळाला असता, तर त्यांनी त्यासाठी एका पाळीची मजुरी दिली असती, असं मला वाटतं.

---

दीपमाळ

एक वेगळी काळजी मांडते. एक रात्र ठीक आहे. पण २००८ च्या मंदीनंतर जपानात नोकरी गेलेली माणसं महिन्याच्या बोलीवर कॅप्सूलमध्ये राहायला लागली होती. त्याआधीपासून नेट कॅफेमध्ये रात्र काढणाऱ्यांसाठी तिकडे वेगळा शब्दच तयार झाला होता. हाँगकाँगमध्ये तर पिंजऱ्यासारख्या कप्प्यांत म्हातारी माणसं वर्षानुवर्षं राहतात. आपल्याकडे पुण्यात सदाशिव, नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेची मुलं कॉट बेसिसवर राहतात. मी तीन वर्षं राहिले. पाच जणी एका खोलीत, कपाट अर्धं. उद्या कोणी तिथे पॉड बसवून "आधुनिक" म्हणून दुप्पट भाडं लावलं तर? प्रवाशाची सोय आणि राहण्याची जागा यांची गल्लत होऊ नये.

---

घाटवळण

दीपमाळ, पूर्ण सहमत. उमेदाला एकदा शेजारच्या डब्यातल्या गृहस्थांनी पडद्याच्या आत मुलीचा फोटो चिकटवलेला दिसला. फोटोचे कोपरे पिवळे पडले होते. ते तिथे राहत होते, माझ्यासारखे एका रात्रीला आले नव्हते. त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. सलग तिसऱ्या रात्रीनंतर माझीही पाठ आणि मन दोन्ही कुरकुरायला लागायचं. हे राहायचं ठिकाण नाही, थांबायचं आहे.

---

घंटानाद

अग्निसुरक्षेच्या कामात आहे, म्हणून थोडं कोरडं पण गरजेचं.

एका मजल्यावर दाटीने झोपलेली चाळीस-पन्नास माणसं म्हणजे आमच्या दृष्टीने जोखमीची जागा. पॉडला आतून कुलूप नसणं ही त्रुटी नाही, ती सोय आहे. धूर झाला तर कर्मचाऱ्याला पडदा सारून तुम्हाला उठवता आलं पाहिजे. जपानात तो पडदाही सहज पेट न घेणाऱ्या कापडाचा असावा लागतो.

गेल्यावर सामान टेकवण्याआधी बाहेर पडायचे दोन रस्ते शोधा आणि दुसऱ्या दारापर्यंत एकदा प्रत्यक्ष चालून या. दार उघडतं का बघा. मी कुलूप लावलेली, समोर गाद्यांची चळत रचलेली दारं पाहिली आहेत. आपल्या पॉडपासून दारापर्यंत किती पॉड येतात ते मोजा, धुरात डोळे चालत नाहीत, हात चालतो. बोळात बॅगा पडलेल्या असतील तर काउंटरला सांगून हलवायला लावा, संकोच नको. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे अशा इमारतींनी जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी द्यायचा असतो. काउंटरवर त्याबद्दल विचारून बघा.

आणि पॉवर बँक उशीखाली ठेवून चार्ज करू नका. हे घरीही नको.

---

आजोळ

माझं वय ६७, गुडघे दुखतात. आम्हा म्हाताऱ्यांना झेपेल का हे? ह्यांना झोपेत श्वासाचं यंत्र लावावं लागतं, तेही विचारायचं होतं.

---

केतकीबन

आजोळकाकू, खालचाच पॉड मागा आणि तो नक्की मिळेल असं लेखी घ्या. शिडी अगदी उभी असते, पायऱ्या अरुंद, रात्री तीनदा चढउतार तुमच्या गुडघ्यांना सोसणार नाही. खालच्यातसुद्धा वाकून, हात टेकून आत सरकावं लागतं. काकांच्या यंत्राला प्लग लागेल. तो आतच असतो, पण यंत्र ठेवायला फळी असते का ते विचारा. खरं सांगू? तुम्ही दोघं असाल तर पाणंद म्हणाले तसं खोलीच घ्या.

---

पिंपळपार

मला बंद जागेची भीती आहे. लिफ्टमध्येही घाम फुटतो. तरी एकदा नाइलाजाने पॉडमध्ये राहिलो. मी केलं ते असं: डोकं पडद्याच्या बाजूला ठेवून झोपलो, म्हणजे उलटा. पडदा वीतभर उघडा. दिवा मंद चालू. पहिला अर्धा तास अवघड गेला, नंतर झोप लागली. ज्यांना माझ्यापेक्षा जास्त त्रास होतो त्यांनी आधी दिवसा तासभर जाऊन आत पडून बघावं. काही जण बघू देतात. आणि नाही जमलं तर नाही जमलं, त्यात कमीपणा नाही.

---

घाटवळण

सर्वांचे आभार. भाचीचं काय झालं ते सांगायला आलो.

मुलाखत अंधेरीला होती, म्हणून स्टेशनचा विचार सोडून तिने तिकडचंच एक पॉड हॉटेल घेतलं. चार ठिकाणी फोन केले. केतकीबन यांचा बाथरूमचा प्रश्न चौघांनाही विचारला. एक जण गोंधळला, एकाने फोन ठेवला, एकाने ओलांडावं लागतं म्हणून सरळ सांगितलं. चौथ्या ठिकाणच्या बाईंनी फोनवरच वर्णन केलं: लिफ्टमधून डावीकडे वळलं की बायकांचे बारा पॉड, त्यांच्याच टोकाला त्यांचे तीन बाथरूम, दाराला कार्ड. तिने तेच घेतलं. गेल्यावर मागचा जिना उघडून बघितला आणि मला फोटो पाठवला. घंटानाद, तिच्या पॉडपासून सहावा पॉड सोडला की दार.

झोप बरी लागली, म्हणाली. कोणाचा तरी गजर चारला वाजत राहिला आणि तिघी-चौघी जाग्या झाल्या. म्हणून हे राहिलेलं सांगतो: असल्या ठिकाणी गजर फक्त थरथरणारा लावावा, फोन उशीखाली न ठेवता हाताशी धरून.

पहाटे साडेपाचला ती आरशासमोर केस विंचरत होती. शेजारी नंदुरबारहून आलेली एक मुलगी साडीच्या निऱ्या घालायचा प्रयत्न करत होती, दोनदा सुटल्या. तीही त्याच मुलाखतीला आलेली. भाचीने गुडघ्यावर बसून तिच्या निऱ्या धरून दिल्या आणि तिने भाचीच्या ओढणीला पिन लावली. दोघी एकाच रिक्षाने गेल्या.

निकाल अजून लागायचा आहे. लागला की दोघींचाही इथेच कळवेन.